पिंपल्सची गोळी, गळणारे केस आणि चारशे वर्षांची गोष्ट

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी आणि एसटीत उभं राहून मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी हा आपल्या नव्या भागाचा लिखित अवतार. बोललो तसंच ठेवलंय. फक्त "म्हणजे", "तर" आणि "ॲक्च्युअली" जरा छाटलेत, नाहीतर वाचताना तुम्हीच वैतागाल.

आजचा प्रश्न नांदेड-लातूरच्या कुठल्याही क्लासच्या होस्टेलवर ऐकायला मिळेल असा आहे. पिंपल्सची गोळी घेतली की केस गळतात का? एका खोलीतला म्हणतो, "अजिबात घेऊ नको, टक्कल पडतं." शेजारच्या खोलीतला म्हणतो, "काही होत नाही रे, मेडिकलवरून आण आणि घे." आणि ज्याच्या गालावर मुरूम आहेत तो बिचारा दोघांच्या मधे. चेहरा वाचवू का केस?

सस्पेन्स ठेवत नाही. उत्तर असं आहे की केस गळू शकतात. पण थोड्याच लोकांचे, बहुतेक वेळा तात्पुरते, आणि डोस जास्त असेल तर जास्त. एवढं कुणीही सर्च करून सांगेल. मला त्यामागचा इतिहास सांगायचाय, कारण तो कळला की "का" आणि "किती" हे आपोआप समजतं. या इतिहासात ध्रुवावरचं अस्वल आहे, अमेरिकेतला एक तुरुंग आहे, आपल्या अंगणवाडीतला चमचा आहे, आणि शेवटी आपल्या जवळचंच शेगावही आहे.

मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. त्यामुळे हा सल्ला म्हणून घेऊ नका, गोष्ट म्हणून ऐका. शेवटी डॉक्टरला काय विचारायचं ते सांगतो.

अस्वलाची कलेजी

साल १५९७. विलेम बॅरेंट्स नावाच्या डच दर्यावर्दीचं जहाज उत्तरेकडच्या नोवाया झेम्ल्या बेटापाशी बर्फात अडकलेलं. माणसांनी लाकडाची झोपडी बांधून अख्खा हिवाळा काढला. खायला जे मिळेल ते. एकदा पांढरं अस्वल मारलं आणि त्याचं यकृत, म्हणजे आपल्या भाषेत कलेजी, शिजवून खाल्ली. सगळे आजारी पडले. त्यातल्या तिघांची अवस्था इतकी वाईट झाली की डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. त्यांच्यातल्या खेरित द वेअर नावाच्या माणसानं हे डायरीत लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

ध्रुवाकडचे मूळ रहिवासी अस्वलाची कलेजी खात नाहीत. खाऊ नये, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. का खाऊ नये, हे विज्ञानाला कळायला मात्र साडेतीनशे वर्षं लागली.

आता दुसरं टोक. अंटार्क्टिका, डिसेंबर १९१२. डग्लस मॉसन, झेवियर मर्ट्झ आणि बेल्ग्रेव्ह निनिस असे तिघं कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन बर्फावर निघालेले. १४ डिसेंबरला निनिस एका खोल भेगेत पडला, आणि त्याच्यासोबत बरंचसं अन्न आणि चांगली कुत्रीही गेली. उरलेल्या दोघांनी परतीच्या वाटेवर एकेक कुत्रा मारून खाल्ला. मांस चिवट होतं, कलेजी मऊ, म्हणून तीही खाल्ली. मग दोघांची कातडी सुटायला लागली, केस झडायला लागले, पोट बिघडलं. मर्ट्झ भ्रमिष्ट झाला आणि जानेवारी १९१३ मध्ये गेला. मॉसन एकटा पाय ओढत ८ फेब्रुवारीला तळावर पोचला.

१९४३ मध्ये रोडाल आणि मूर या दोन संशोधकांनी अस्वलाच्या आणि सीलच्या यकृताची तपासणी केली आणि गुन्हेगार सापडला: अ जीवनसत्त्व, व्हिटॅमिन ए. ते यकृतात साठतं. ध्रुवावरची अस्वलं सील खातात, सील मासे खातात, आणि प्रत्येक पायरीवर साठा वाढत जातो. पुढे १९६९ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी मांडलं की मर्ट्झ आणि मॉसन यांनाही कुत्र्यांच्या यकृतातल्या व्हिटॅमिन ए नंच ग्रासलं असावं. यावर नंतर मतभेद झाले, काहींनी उपासमार आणि थंडीकडेही बोट दाखवलं. पण व्हिटॅमिन ए जास्त झालं की कातडी सुटते आणि केस जातात, यावर वाद नाही.

योगायोग बघा. मर्ट्झ गेला त्याच १९१३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला एल्मर मॅककॉलम आणि मार्गरीट डेव्हिस लोण्यातल्या एका अनोळखी घटकाबद्दल लिहीत होते. उंदरांच्या वाढीला तो घटक लागतो असं त्यांना दिसलं होतं. त्यालाच पुढे व्हिटॅमिन ए हे नाव मिळालं.

आपल्याकडे गोष्ट उलटी होती

आता जरा घरी येऊ. ध्रुवावरच्या माणसांना व्हिटॅमिन ए जास्त झालं. आपल्याकडचा प्रश्न कायम कमी पडण्याचा.

रातांधळेपणा हा शब्द आजी-आजोबांना विचारा. दिवे लागणीच्या वेळी पोराला दिसेनासं व्हायचं, ताटातली भाकर चाचपडत शोधायचं. सुश्रुतसंहितेतसुद्धा रातांधळेपणावर बोकडाचं यकृत खायला सांगितलंय. म्हणजे जी कलेजी तिकडे विष ठरली, तीच इकडे औषध. वस्तू तीच, फरक प्रमाणाचा. आजच्या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

आपल्या शेजारच्या हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथे झालेल्या कामाच्या आधारावर १९७० मध्ये सरकारनं लहान मुलांना व्हिटॅमिन ए चे मोठे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडीत चमच्यानं पाजतात ते पिवळं औषध तेच. नवव्या महिन्यात १ लाख युनिट, आणि मग दर ६ महिन्यांनी २ लाख युनिट, पाच वर्षांचं होईपर्यंत. दर सहा महिन्यांनीच का? कारण ते यकृतात साठतं आणि शरीर हळूहळू वापरतं. रोज द्यायची गरज नाही, आणि रोज द्यायचंही नाही.

हे २ लाख आणि ६ महिने डोक्यात ठेवा. लगेच कामाला येतील.

मुरमांवर पहिला प्रयोग

त्याच १९४३ साली, म्हणजे अस्वलाच्या यकृताचं कोडं सुटलं त्याच वर्षी, अमेरिकेतल्या जॉन स्ट्रॉमफ्योर्ड नावाच्या डॉक्टरनं मुरूम असलेल्या रुग्णांना व्हिटॅमिन ए दिल्याचं लिहिलं. डोस किती? रोज १ लाख युनिट. महिनोन् महिने.

हिशेब करूया. रोज १ लाख म्हणजे ६ महिन्यांत १ कोटी ८० लाख युनिट. आपल्या अंगणवाडीतल्या पोराला तेवढ्याच काळात २ लाख. नव्वदपट! मोठा माणूस आणि लहान मूल हा फरक धरला तरी आकडा डोळे विस्फारायला लावतो. आज मोठ्या माणसाला रोज साधारण ३ हजार युनिट पुरतात आणि १० हजारांच्या वर जाऊ नये असं मानतात.

मुरूम कमी व्हायचे हे खरं. पण सोबत ओठ फुटणं, कातडी सुटणं, डोकं दुखणं, यकृतावर ताण, आणि केस गळणं. म्हणजे अस्वलाची कलेजी, फक्त बाटलीतून. मग शास्त्रज्ञांपुढे प्रश्न उभा राहिला की व्हिटॅमिन ए चा मुरमांवर होणारा उपयोग ठेवायचा आणि त्रास कमी करायचा, असा त्याचा एखादा चुलतभाऊ सापडेल का? या चुलतभावांच्या खानदानाला रेटिनॉइड म्हणतात.

एक माणूस, दोन शोध आणि एक तुरुंग

इथे गोष्टीत अल्बर्ट क्लिगमन येतो. फिलाडेल्फियाचा त्वचारोगतज्ज्ञ, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला. मजा अशी की आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू याच माणसाशी जोडलेल्या आहेत.

पहिली बाजू केसांची. १९६१ मध्ये त्यानं एका प्रकारच्या केसगळतीला नाव दिलं: टेलोजन एफ्लुव्हियम. नाव अवघड आहे, कल्पना सोपी. डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. सगळे एकाच वेळी वाढत नाहीत. दहातले नऊ वाढीच्या पाळीत आणि एखादा आरामाच्या पाळीत. वाढीची पाळी दोन ते सहा वर्षांची, आरामाची साधारण तीन महिन्यांची. आराम संपला की तो केस पडतो आणि त्याच मुळातून नवा येतो.

आता गणित. १ लाखातले दहा टक्के आरामात, म्हणजे १० हजार. ते शंभर दिवसांत पडणार. म्हणजे रोज १००. कंगव्यात रोज ५० ते १०० केस दिसणं ही नॉर्मल गोष्ट आहे, त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायची गरज नाही. पण शरीराला धक्का बसला, टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, उपाशी राहून वजन उतरवणं, एखादं औषध, तर एकदम खूप केस आरामाच्या पाळीत जातात. दहाच्या जागी तीस टक्के गेले की रोज १०० च्या जागी ३०० केस पडतात. पण कधी? लगेच नाही. दोन-तीन महिन्यांनी.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, एरर आज दिसला पण बग जुन्या रिलीजमध्ये आहे. लॉग मागे जाऊन बघावा लागतो.

दुसरी बाजू मुरमांची. क्लिगमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास दाखवलं की व्हिटॅमिन ए चा एक चुलतभाऊ, ट्रेटिनॉइन, चेहऱ्यावर लावला तर मुरूम कमी होतात. गिळायचं नाही, लावायचं. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. आजही स्किनचे डॉक्टर रात्री वाटाण्याएवढं लावायला सांगतात ते मलम हेच.

आणि तुरुंग? क्लिगमननं त्याचे बरेच प्रयोग फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केले, १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत. त्यात कृष्णवर्णीय कैदी मोठ्या संख्येनं होते. थोडेफार पैसे मिळतात म्हणून ते तयार व्हायचे, पण अंगावर नक्की काय लावलं जातंय हे त्यांना नीट सांगितलं जात नव्हतं. औषधं, सौंदर्यप्रसाधनं, अगदी डायॉक्सिनसारखं विषसुद्धा. १९९८ मध्ये ॲलन हॉर्नब्लम यांनी यावर पुस्तक लिहिलं तेव्हा हे सगळं पुन्हा चर्चेत आलं. विद्यापीठानं २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहरानं २०२२ मध्ये माफी मागितली. क्लिगमन २०१० मध्येच वारला होता.

हे सांगायचं कारण आहे. आपण सहा इंचाच्या स्क्रीनवर "साइड इफेक्ट" वाचतो, तेव्हा ती माहिती कुणाच्या तरी कातडीवरून आलेली असते. ती फुकट मिळालेली नाही. म्हणून पाकिटातलं ते बारीक अक्षरांचं कागदाचं घडीपत्रक फेकू नका, वाचा.

मग आली गोळी

स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये रोश कंपनीत वर्नर बोलाग नावाचा संशोधक या चुलतभावांवर काम करत होता. त्यातला एक आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गॅरी पेक आणि त्यांचे सहकारी कातडीच्या दुसऱ्याच आजारांवर तो वापरून बघत होते. मग त्यांनी तो गंभीर मुरमांवर वापरला. साधे मुरूम नाही हं, मोठ्या गाठी, पू, चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडतात तसले. १९७९ मध्ये निकाल छापून आला. १४ रुग्णांपैकी १३ जणांचा चेहरा पूर्ण साफ. आणि औषध थांबवल्यावरही बराच काळ साफच राहिला. असं आधी कुठल्याच औषधानं केलं नव्हतं. १९८२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली.

ही गोळी, खरं तर कॅप्सूल, चार कामं करते. तेलग्रंथी आकसवते, छिद्रं बुजू देत नाही, जंतूंचं खाद्य कमी करते आणि सूज उतरवते. पण खानदान व्हिटॅमिन ए चंच ना. त्यामुळे त्रासही खानदानी. ओठ तर जवळपास प्रत्येकाचे फुटतात. रक्तातली चरबी वाढू शकते, यकृताच्या तपासण्या वर-खाली होऊ शकतात, म्हणून डॉक्टर मधे मधे रक्त तपासतात. मन उदास वाटायला लागलं तर तेही लगेच सांगायचं असतं. आणि काही जणांचे केस वाढीच्या पाळीतून लवकर आरामाच्या पाळीत ढकलले जातात.

किती जणांचे? २०२२ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. वजनाच्या दर किलोमागे रोज अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी डोस घेणाऱ्यांत ३.२ टक्के लोकांनी केस गळाल्याचं सांगितलं, आणि अर्धा किंवा जास्त घेणाऱ्यांत ५.७ टक्के. म्हणजे साठ किलोच्या माणसासाठी ही रेषा रोज ३० मिलिग्रॅमवर येते. शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना जास्त डोसवरही तक्रार नव्हती. बाकीच्यांचे केससुद्धा औषध कमी केल्यावर किंवा संपल्यावर काही महिन्यांत बहुधा परत येतात. याच खानदानातलं ॲसिट्रेटिन सोरायसिससाठी देतात, त्यानं केस बरेच जास्त गळतात.

केसांपेक्षा मोठी गोष्ट

इथे जरा थांबून सांगतो, कारण केसांच्या काळजीत हे राहून जातं. गरोदरपणात ही गोळी पोटातल्या बाळाला फार मोठी इजा करते. औषध बाजारात आल्यावर वर्षभरातच, १९८३ मध्ये, तशा बाळांच्या बातम्या यायला लागल्या. कान, चेहरा, हृदय, मेंदू. शेवटी २००६ मध्ये अमेरिकेत नियम आला की गर्भचाचणी आणि नोंदणी झाल्याशिवाय बाईला ही गोळी मिळणारच नाही.

म्हणून मैत्रिणींनो, ही गोळी कुणाच्या उरलेल्या पाकिटातून घ्यायची नाही. बहिणीची, रूममेटची, वहिनीची, कुणाचीच नाही. लग्न ठरलंय म्हणून चेहरा साफ करायचाय, असं आपल्याकडे फार होतं. अशा वेळी लग्नाची तारीख डॉक्टरला स्पष्ट सांगा. लाजायचं कारण नाही. गोळी थांबवल्यावर किमान १ महिना दिवस जाऊ द्यायचे नसतात. आणि मुलांनो, तुमच्यासाठीही एक नियम आहे. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर १ महिना रक्तदान करायचं नाही. जयंतीच्या शिबिरात उत्साहात झोपायच्या आधी आठवा. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं.

शेगाव, जानेवारी २०२५

आता आपल्या भागात. अर्धापूरवरून वारंगा, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत गजानन महाराजांच्या दर्शनाला आपल्यातले किती तरी जण जातात. त्याच शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात यायला लागले. आधी डोक्याला खाज, मग तीन-चार दिवसांत टक्कल. बघता बघता १८ गावांत २७९ लोक. बाया, लहान पोरं, कॉलेजच्या पोरी.

मोबाइलवर एका दिवसात नाव पडलं: "टक्कल व्हायरस". व्हायरस सापडला नव्हता, पण नाव सापडलं होतं. मग व्हायचं तेच झालं. लोक त्या गावच्यांपासून लांब राहायला लागले. पोरींचं कॉलेज सुटलं, ठरलेल्या लग्नांत अडचणी आल्या. अनेकांनी लाजेखातर उरलेले केसही काढून टाकले. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर, शाम्पूवर. आयसीएमआरची पथकं आली, नमुने गेले.

यात एक मराठवाड्याचा माणूस उतरला. डॉ. हिंमतराव बावस्कर. जन्म जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, आयुष्य काढलं कोकणात महाडला. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जातात, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासायला पाठवला. त्यांनी सांगितलेले आकडे असे: रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट. रेशनच्या गव्हात किलोमागे सुमारे १४ मिलिग्रॅम, जिथे साधारण गव्हात ०.१ ते १.९ असतं. धुतलेल्या गव्हातही फार फरक नाही, म्हणजे वरून चिकटलेलं नाही, दाण्याच्या आतच. त्यांचं म्हणणं असं की हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, आणि तिकडे शिवालिक डोंगरांच्या पायथ्याच्या काही जमिनीत सेलेनियम जास्त आहे.

पुन्हा हिशेब. माणूस दिवसाला ३०० ग्रॅम असा गहू खातो असं धरा. पोटात गेलं ४.२ मिलिग्रॅम, म्हणजे ४२०० मायक्रोग्रॅम. सुरक्षित मर्यादा मानतात ४०० मायक्रोग्रॅम. दहापट, तेही रोज. आणि रेशनवर जगणाऱ्या घरात दुसरं धान्य कुठून येणार?

हे काही जगात पहिल्यांदा झालं नव्हतं. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असंच झालं होतं, केस आणि नखं दोन्ही गेली होती. त्याच देशात केशान भागात सेलेनियम कमी पडल्यानं हृदयाचा आजार व्हायचा. पुन्हा तेच. कमी पडलं तरी आजार, जास्त झालं तरी आजार.

केसच का जातात? केस केराटिनचा बनतो आणि केराटिनला मजबुती देतं गंधक. सेलेनियम हा रसायनशास्त्रात गंधकाचा सख्खा शेजारी. तो जास्त झाला की गंधकाच्या जागेवर जाऊन बसतो आणि केस कच्चा होऊन तुटतो.

आता फरक बघा. गोळीमुळे किंवा तापामुळे केस पातळ होतात, तेही दोन-तीन महिन्यांनी. शेगावात केस दिवसांत गेले. म्हणजे आरामाच्या पाळीत जायलाही सवड मिळाली नाही, वाढत्या केसावरच घाव बसला. केस किती वेगानं गेले, हाच एक मोठा पुरावा असतो. तो गहू थांबवल्यावर पाच-सहा आठवड्यांत काही जणांना थोडे केस परत यायला लागल्याचं डॉ. बावस्करांनी सांगितलं. मूळ जिवंत होतं.

गमी खाणाऱ्यांनी ऐका

हे सगळं मी एकत्र का सांगतोय? आजकाल होतं काय, एखादा मुलगा मुरमांची गोळी घेतो, दोन महिन्यांनी कंगव्यात केस दिसतात, तो घाबरतो आणि ऑनलाइन केसांच्या गोळ्या किंवा गमी मागवतो. त्यावर मागे बघा काय लिहिलंय. बऱ्याचदा व्हिटॅमिन ए. बऱ्याचदा सेलेनियम. म्हणजे आगीवर पाणी समजून रॉकेल. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना व्हिटॅमिन ए असलेली गोळी घेऊ नका असं त्या घडीपत्रकातच लिहिलेलं असतं.

२००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक औषधात कारखान्यातल्या चुकीमुळे लिहिलेल्यापेक्षा २०० पट सेलेनियम गेलं होतं. २०१ लोक आजारी पडले, बहुतेकांचे केस गेले. तब्येत चांगली व्हावी म्हणून घेतलेलं औषध होतं ते. आणि गमीतलं बायोटिन थायरॉइडच्या रक्ततपासणीचा निकाल चुकवू शकतं. मग केस का गळतात हे शोधायला तपासणी केली तर तीच खोटं बोलते.

तर मग करायचं काय?

नीटची परीक्षा मे महिन्यात. त्याआधी रात्र-रात्र जागरण, मेसचं जेवण, एखादा टायफॉइड. ताणानं मुरूम वाढले म्हणून जूनमध्ये गोळी सुरू. जुलैत केस गळायला लागले. दोष कुणाचा? सगळे म्हणतील गोळीचा. पण दोन-तीन महिने मागे मोजा, मे महिना येतो. कदाचित गोळी निर्दोष असेल, कदाचित दोघांचा वाटा असेल. विशीतच घराण्यातली टक्कल सुरू होते, तीही याच वयात. मुलींमध्ये पाळी अनियमित, मुरूम आणि केसगळती एकत्र असेल तर पीसीओएसमुळे दोन्ही होऊ शकतात. म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली, तोच आजार केसही नेत असतो.

म्हणून डॉक्टरकडे जाताना मोबाइलच्या नोट्समध्ये एवढं लिहून न्या: गोळी कोणत्या तारखेला सुरू केली, किती मिलिग्रॅम, स्वतःचं वजन किती, केस कोणत्या तारखेपासून जास्त दिसतायत, त्याआधीच्या तीन-चार महिन्यांत कुठला ताप, वजन किती उतरलं, आणि दुसरं काय काय खाताय, आयुर्वेदिक आणि पावडरीसकट. मग विचारा, डोस कमी करता येईल का? हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड बघायचं का? मनानं गोळी बंद करू नका, मनानं वाढवूही नका. घरात डॉक्सिसायक्लिनची जुनी पट्टी असेल तर तीही सोबत घेऊ नका, दोन्ही मिळून डोक्यातला दाब वाढू शकतो. खासगी डॉक्टरची फी जड वाटत असेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथे जा.

आणि शेवटचं. कुणाचे केस गेले, कुणाचा चेहरा मुरमांनी भरला, तर त्याला नाव ठेवू नका. शेगावात व्हायरस नव्हता. पोरींचं कॉलेज तुटलं ते आधी गव्हामुळे, पण नंतर आपण फॉरवर्ड केलेल्या एका नावामुळेही. गव्हावर आपला काबू नव्हता. फॉरवर्डवर होता.

भाग आवडला तर होस्टेलच्या ग्रुपवर टाका, विशेषतः त्या दोन्ही खोल्यांमधल्या तज्ज्ञांना. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत पाणी प्या, झोप काढा, आणि कंगव्यातले केस मोजत बसू नका. भेटूया!